गाडी नको म्हणणाऱ्या पोरांना आळशी म्हणू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

"हल्लीच्या पोरांना गाडीची हौसच राहिली नाही, जबाबदारी नको असते त्यांना, सगळं ॲपवर हवं असतं" हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता गप्प बसवत नाही, म्हणून हे पत्र. माझी नोकरी बँकेतली, त्यातली बरीच वर्षं वाहनकर्जाच्या टेबलावर गेली, त्यामुळे गाडी घेणारे आणि चौकशी करून न घेताच परत जाणारे असे दोन्ही प्रकारचे तरुण मी समोरासमोर बसून बघितलेत. मला जे दिसलं ते या आळशीपणाच्या गोष्टीशी अजिबात जुळत नाही.

बदल झालाय हे मात्र खरंच आहे. अमेरिकेत सोळाव्या वर्षी लायसन्स काढणं म्हणजे पोरगं मोठं झाल्याची खूण मानली जायची, तिथे मिशिगन विद्यापीठाच्या मायकेल सिवाक आणि ब्रँडन शोएटल यांनी आकडे काढले तर १९८३ मध्ये १६ वर्षांच्या मुलामुलींपैकी साधारण ४६ टक्क्यांकडे लायसन्स होतं आणि २०१४ मध्ये ते २५ टक्क्यांच्याही खाली आलं. २० ते २४ या वयात ९२ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांवर. ब्रिटनमध्ये १७ ते २० वयोगटात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ४८ टक्के लायसन्सवाले होते, ते २०१४ मध्ये २९ टक्के राहिले. म्हणजे गाडी राहिली बाजूला, चालवायचा परवाना काढायचीसुद्धा घाई राहिलेली नाही.

का, हे त्याच दोघांनी २०१३ मध्ये लायसन्स नसलेल्या १८ ते ३९ वयाच्या लोकांना सरळ विचारून टाकलं. सगळ्यात जास्त लोक, ३७ टक्के, म्हणाले वेळच मिळत नाही. ३२ टक्के म्हणाले गाडी घेणं आणि सांभाळणं परवडत नाही. ३१ टक्के म्हणाले दुसरं कुणीतरी नेतं-आणतं, भागतं त्याच्यावर. पर्यावरणाच्या काळजीने काढलं नाही असं म्हणणारे जेमतेम ९ टक्के, आणि ऑनलाइन सगळं होतं म्हणून गरज पडत नाही म्हणणारे ८ टक्के. एकापेक्षा जास्त कारणं देता येत होती म्हणून बेरीज शंभराच्या पुढे जाते, पण क्रम बघा. जे लोक या पिढीला फोनचं वेड लागलंय म्हणून झोडपतात आणि जे लोक ही पिढी पृथ्वी वाचवायला निघालीय म्हणून डोक्यावर घेतात, त्या दोघांनीही हा क्रम एकदा नीट वाचावा. वेळ आणि पैसा, बस. बाकी सगळं त्याच्या मागून येतं.

ब्रिटिश सरकारच्या वाहतूक खात्यासाठी २०१८ मध्ये ब्रिस्टल आणि ऑक्सफर्डच्या संशोधकांनी याच विषयावर मोठा अहवाल केला होता, त्यातही मूळ कारणं वाहतुकीच्या बाहेरचीच निघाली. शिक्षण लांबलं, पक्क्या नोकऱ्या कमी झाल्या, खर्चून हातात उरणारा पैसा आटला, स्वतःचं घर होणं पुढे गेलं, लग्न-मुलं पुढे गेली. आयुष्यातल्या ज्या ज्या टप्प्यावर आधीची पिढी गाडी घ्यायची तो टप्पाच आठ-दहा वर्षं पुढे सरकला तर गाडी पण सरकणारच ना!

माझ्या टेबलावर हेच दिसायचं. पूर्वी पहिल्या नोकरीची सॅलरी स्लिप हातात पडली की पोरगा थेट यायचा, आधी मॉडेल आणि रंग सांगायचा, व्याजदर शेवटी आणि तोही वडिलांनी कोपर मारल्यावर विचारायचा. नोकरी पक्की, त्यामुळे पाच-सात वर्षांच्या हप्त्याची त्याला भीती वाटायची नाही आणि आम्हालाही वाटायची नाही. नंतर नंतर जे यायला लागले त्यांच्या स्लिपबरोबर वर्षभराचं काँट्रॅक्ट जोडलेलं, शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता आधीच चालू, आणि पगारातला मोठा तुकडा घरभाड्यात जाणारा. अशा अर्जदाराला आम्ही को-ॲप्लिकंट आणा म्हणायचो. म्हणजे कमावत्या माणसाने परत आईवडिलांची सही आणायची. हे ऐकून बरेच जण "बघतो" म्हणून उठायचे आणि परत यायचे नाहीत. त्यांना आवड नव्हती असं कुणी म्हटलं तर मला राग येतो, कारण ब्रोशर ते घेऊन जायचे.

एक मुलगी तर माझ्या कायमची लक्षात राहिली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल, चांगली नोकरी, कर्ज मंजूर व्हायला काहीच अडचण नव्हती. तिने फोनवर एक तक्ता करून आणला होता आणि तो माझ्यासमोर धरला. एका बाजूला डाऊन पेमेंट, हप्ता, विमा, इंधन, सर्व्हिसिंग, टायर-बॅटरीसाठी बाजूला टाकायची रक्कम, राहत्या इमारतीत पार्किंगचं भाडं, ऑफिसच्या इमारतीत पार्किंगचं भाडं. आणि सगळ्यात खाली घसारा, म्हणजे वापरामुळे दर वर्षी उतरत जाणारी गाडीची किंमत, जो आमच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद लोकांच्या डोक्यातच नसतो. दुसऱ्या बाजूला तिचा लोकलचा पास, महिन्याभराच्या टॅक्सीची बिलं आणि आईवडिलांना कुठे बाहेरगावी न्यायचं असेल तेव्हा भाड्याच्या गाडीचे पैसे. दुसरी बाजू पहिलीच्या निम्मीसुद्धा नव्हती. ती मला विचारत होती की काका, यात माझं काही चुकतंय का. मी तक्ता वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला, काहीच चुकत नव्हतं. मी तिला तसं सांगितलं आणि ती कर्ज न घेता गेली. ही बेजबाबदार? अहो, इतका जबाबदार अर्जदार त्या खुर्चीत क्वचित बसायचा.

घसाऱ्याचं थोडं जास्त सांगतो कारण घरोघरी गाडीला "ॲसेट" म्हणतात आणि तिथेच हिशोब बिघडतो. नवीन गाडी शोरूममधून बाहेर पडली की पहिल्या वर्षातच किमतीचा साधारण पाचवा हिस्सा जातो आणि चार-पाच वर्षांत अर्ध्याच्या आसपास येते, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. कर्जाचं मुद्दल मात्र सावकाश उतरतं. त्यामुळे कमी डाऊन पेमेंट करून लांब मुदतीचं कर्ज घेतलेल्या माणसाला पहिली दोन-तीन वर्षं गाडी विकून कर्ज फेडायचं म्हटलं तर वरून पदरचे घालावे लागतात. नोकरी टिकली तर कळतही नाही. नोकरी गेली किंवा दुसऱ्या शहरात मिळाली की कळतं. बँकेचा बोजा चढलेली गाडी, महिना थांबवता न येणारा हप्ता आणि हातात नोकरी नाही, अशी माणसं मी बघितलीत. आजच्या पोरांनी ती आपल्या मोठ्या भावाबहिणींच्या रूपात घरात बघितलीत. २००८ च्या मंदीनंतर जगभरात जी पिढी कामाला लागली तिला हप्त्याची धास्ती असणं यात नवल काय.

आता गाडी चालते किती ते बघू. रोज सव्वा तास चालवली, तरी दिवसातला ९५ टक्के वेळ ती उभीच असते. आणि उभी राहायला जागा लागते. एका कारची पार्किंगची जागा अडीच मीटर बाय पाच मीटर धरली तर साडेबारा चौरस मीटर, आत-बाहेर काढायची वाट धरली तर पंचवीस ते तीस. मोठ्या शहरांमध्ये ही पोरं दोघं-तिघं मिळून जेवढ्या जागेत राहतात तेवढी जागा! आणि गाडीला ही जागा एका ठिकाणी पुरत नाही, घरी लागते, ऑफिसात लागते, बाजारात लागते. ज्यांना स्वतःला राहायला खोली परवडत नाही त्यांनी गाडीसाठी तीन ठिकाणी खोली शोधावी अशी आपली अपेक्षा आहे का?

जपानने हे फार आधी ओळखलं होतं. १९६२ पासून तिथे कायदा आहे की गाडी ठेवायला जागा आहे हे आधी सिद्ध करा, मगच गाडी नावावर होईल, रस्त्यावर रात्रभर गाडी सोडून द्यायची सोय नाही. सिंगापूरमध्ये १९९० पासून गाडी घ्यायचा हक्कच लिलावात विकत घ्यावा लागतो, तोही दहा वर्षांपुरता, आणि २०२३ मध्ये छोट्या गाडीच्या वर्गातसुद्धा या नुसत्या कागदाची किंमत एक लाख सिंगापूर डॉलरच्या वर गेली होती, गाडीचे पैसे वेगळे. हे सगळीकडे असंच करावं असं मी म्हणत नाही, सिंगापूरच्या पद्धतीत शेवटी पैसेवाल्यालाच गाडी मिळते आणि ते मला पटत नाही. पण या दोन ठिकाणी एक गोष्ट लपवलेली नाही, ती म्हणजे गाडीला लागणाऱ्या जागेचा खर्च. बाकीच्या शहरांमध्ये तो खर्च रस्त्याच्या कडेला फुकट पार्किंगच्या नावाखाली सगळ्यांच्या करातून जातो आणि नव्या इमारतीत इतकी पार्किंग हवीच अशा नियमामुळे घराच्या किमतीत मिसळून जातो. त्यामुळे होतं काय, गाडी नसलेला तरुणसुद्धा घर घेताना किंवा भाड्याने राहताना गाडीच्या जागेचे पैसे भरतच असतो. अमेरिकेतल्या बफेलो शहराने २०१७ मध्ये इमारतींसाठीचा हा सक्तीचा किमान पार्किंगचा नियम काढूनच टाकला आणि त्याच वर्षी मेक्सिको सिटीने किमानच्या जागी कमाल मर्यादा घातली. म्हणजे हे करता येतं.

वेळेचा मुद्दा वर आला होता. ज्या वयाला ऑफिसचा मेसेज रात्री दहालाही येतो त्या वयाच्या माणसाला ट्रॅफिकमध्ये स्टेअरिंग धरून बसलेला एक तास म्हणजे पूर्ण गेलेला तास. तोच तास लोकलमध्ये किंवा बसमध्ये बसायला जागा मिळाली तर वाचनात जातो, घरच्यांशी बोलण्यात जातो, डुलकीत जातो, काहीतरी त्याच्या हाताला लागतं. आधीच्या पिढीला गाडीत रेडिओ लावून एकटं बसणं हा निवांतपणा वाटायचा आणि रस्ते रिकामे होते तेव्हा तो होताही. आता क्लच-ब्रेक-क्लच करत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणं याला निवांतपणा कोण म्हणेल.

आणि एक गोष्ट मोठ्यांच्या गप्पांमध्ये कधीच येत नाही ती म्हणजे भीती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे रस्ते अपघातांत जगात वर्षाला जवळपास ११ लाख ९० हजार माणसं जातात आणि ५ ते २९ या वयात मृत्यूचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. कुठलाही आजार नाही, रस्ता. या वयाच्या प्रत्येकाने एखादा मित्र, एखादी वर्गमैत्रीण, कुणाचा तरी भाऊ असा गमावलेला असतो. कुणी जर म्हणत असेल की मला या गर्दीत गाडी चालवायचीच नाही, तर त्याला घाबरट म्हणायच्या आधी हा आकडा आठवावा. बऱ्याच देशांत तर विमा कंपन्याच तरुण चालकांकडून जास्त हप्ता घेतात, म्हणजे धोका त्यांनाही माहीत आहे.

आता शेअरिंगबद्दल. यात माझं मत जरा वेगळं आहे. सगळीकडे असं लिहून येतं की ॲपवाल्या टॅक्सी आणि शेअरिंगच्या गाड्या आल्या म्हणून मालकी संपली. गाडी वाटून वापरायची कल्पना मुळात स्मार्टफोनच्या किती आधीची आहे. स्वित्झर्लंडमध्ये १९८७ साली सामान्य माणसांनी एकत्र येऊन अशा दोन सहकारी संस्था काढल्या, १९९७ मध्ये त्या एक झाल्या आणि ती एकत्र झालेली संस्था आजही चालू आहे. अमेरिकेत गाड्या वाटून वापरायला देणारी झिपकार कंपनी २००० साली सुरू झाली. उबरची पहिली फेरी २०१० ची. म्हणजे कल्पना जुनी, फोनने ती खिशात आणून दिली एवढंच. पण ज्या सेवांच्या भरवशावर आपण या पोरांना "गाडी कशाला घेतोस" म्हणतोय त्या टिकतातच असं नाही. पॅरिसमध्ये ऑटोलिब नावाची विजेवरच्या गाड्यांची सेवा २०११ मध्ये मोठ्या थाटात सुरू झाली, लोकांना तिची सवय लागली आणि २०१८ मध्ये तोट्यामुळे ती बंद पडली. हेलसिंकीत बस, ट्रॅम, टॅक्सी, भाड्याची गाडी सगळं एका ॲपमध्ये एका वर्गणीत द्यायचा व्हिम नावाचा प्रयोग २०१६ मध्ये आला, जगभर त्याचं कौतुक झालं आणि २०२४ मध्ये त्या कंपनीचं दिवाळं निघालं. टॅक्सीच्या ॲपचंही तसंच, सुरुवातीला गुंतवणूकदारांच्या पैशावर स्वस्त आणि सवय लागल्यावर महाग, पाऊस पडला की दुप्पट. गाडीचा हप्ता निदान दर महिन्याला तेवढाच असतो.

म्हणून मला काळजी वाटते. कारण "आवड कमी झाली" हे वाक्य ऐकून नियोजन करणारे लोक निर्धास्त होतात, त्यांना वाटतं पोरं आपोआप बदलली, आता रस्त्यावरच्या गाड्या आपोआप कमी होतील. तसं होणार नाही. २०१९ मध्ये एमआयटीचे ख्रिस्तोफर निटेल आणि त्यांच्या सहकारी एलिझाबेथ मर्फी यांनी अमेरिकेतल्या मिलेनियल पिढीचा, म्हणजे साधारण १९८० नंतर जन्मलेल्यांचा, अभ्यास केला, त्यात उत्पन्न, लग्न, मुलं, राहण्याचं ठिकाण हे सगळे फरक बाजूला काढले तर या पिढीची गाडी घेण्याची ओढ आधीच्यांपेक्षा फारशी वेगळी नाही असं निघालं. उलट गाडी चालवलेले मैल थोडे जास्तच. म्हणजे माणूस बदललेला नाही, त्याची परिस्थिती बदललीय. परिस्थिती परत फिरली की गाडी परत येते. २०२० मध्ये साथ आल्यावर हे आपण बघितलंच, लोकांना बस-लोकलमध्ये चढायची भीती वाटायला लागली, त्यात चिपच्या टंचाईने नव्या गाड्या मिळेनात, आणि जुन्या गाड्यांचे भाव कित्येक देशांत आभाळाला भिडले.

हे परत फिरणं प्रत्येक घरात एका ठरलेल्या क्षणी होतं. पहिलं मूल झाल्यावर. माझ्या टेबलावर तिशीतली जोडपी यायची, दोघंही वर्षानुवर्षं बस-लोकलने फिरलेली, गाडीशिवाय उत्तम चाललेलं, आणि अचानक "लगेच पाहिजे, किती दिवसांत होईल" अशी घाई. बोलता बोलता कळायचं की बाळ तीन महिन्यांचं आहे. नुसतं वेड म्हणून नव्हतं ते. सकाळी बाळाला पाळणाघरात सोडायचं, तिथून ऑफिस, मधे फोन आला की ताप आलाय, तिथून डॉक्टर, येताना औषधं, मग घर, आणि आजी-आजोबांकडे काही विसरलेलं असेल तर तो एक फेरा. असा दिवस बसने करून बघा म्हणजे कळेल. स्पेनमधल्या इनेस सांचेस दे मादारियागा या नगररचनेच्या प्राध्यापिका बरीच वर्षं हेच सांगतायत की आपली सार्वजनिक वाहतूक सकाळी घर ते ऑफिस आणि संध्याकाळी ऑफिस ते घर अशा सरळ रेषेसाठी आखलेली असते, आणि घरातल्यांची काळजी घेणारा माणूस, जो बहुतेक वेळा बाई असते, तो तुकड्या-तुकड्यांत, वाकडातिकडा, भरदुपारी फिरत असतो, त्याच्या फेऱ्या कुठे मोजल्याच जात नाहीत. दुपारी बारा ते चार बसच्या फेऱ्या अर्ध्या होतात तेव्हा गैरसोय कुणाची होते ते बघा, उत्तर मिळेल.

आमच्याच घरातलं सांगतो. माझ्या सुनेला गाडीची बिलकुल आवड नव्हती, अजूनही नाही. नातू झाल्यावर तिने काही महिने नेटाने बसने जायचा प्रयत्न केला. बसची पायरी तिच्या गुडघ्याच्या वर, एका हातात बाबागाडी घडी करून, दुसऱ्या हातात मूल, खांद्यावर पिशवी, आणि मागून लोक "चला चला पुढे" करणारे. स्टॉपवर फुटपाथ तुटलेला, त्यामुळे बस कडेला लागायची नाही, दोन पावलं रस्त्यात उतरून चढायचं. एकदा पावसात तिचा पाय घसरला, मूल सुखरूप राहिलं, तिच्या मनगटाला प्लास्टर लागलं. त्यानंतर त्यांनी गाडी घेतली आणि मी त्यांना एका शब्दाने अडवलं नाही. त्या गाडीचं कारण हौस नाही, प्रतिष्ठा नाही. त्या गाडीचं कारण बसची पायरी आहे. शहरात अशा किती गाड्या असतील याचा हिशोब कुणी करतं का?

तसाच रात्रीच्या पाळीचा प्रश्न. हॉस्पिटलात, कॉल सेंटरमध्ये, गोदामात काम करणारे तरुण रात्री एक-दोनला सुटतात, तेव्हा लोकल बंद, बस बंद, टॅक्सीचे दर वर. यातल्या मुलींना तर अंधारात स्टॉपवर उभं राहणं हाच मोठा प्रश्न. ही पोरं पगारातून पोटाला चिमटा काढून दुचाकी घेतात, आवड असो नसो. तेव्हा "तरुणांना वाहन नकोय" हे वाक्य म्हणताना कुठले तरुण हेही सांगावं. स्टेशनपासून चालत पाच मिनिटांवर राहणारे, दिवसा काम करणारे, निम्मे दिवस घरून लॉगिन करणारे, त्यांना नको असते. गावाच्या टोकाला स्वस्त खोली घेऊन राहणाऱ्याला निवडच नसते. आणि अपंग माणसाला, ज्याला स्टेशनच्या जिन्यावर लिफ्टच सापडत नाही, त्याला गाडी ही चैन नाही, त्याचा बाहेर पडायचा एकच रस्ता आहे, त्याच्यावर गाडीविरोधी भाषणं झोडू नयेत असं मला मनापासून वाटतं.

व्हिएन्नाने २०१२ मध्ये वार्षिक पास ३६५ युरोला केला, म्हणजे दिवसाला एक युरो, आणि तो दर वर्षानुवर्षं वाढू दिला नाही. पुढे अशी वेळ आली की शहरात नोंदवलेल्या गाड्यांपेक्षा वार्षिक पासवाले जास्त झाले. पण लोक फक्त स्वस्त पासचं उदाहरण देतात आणि पुढचं सांगत नाहीत. तिथे पास स्वस्त करण्याबरोबर रस्त्यावरच्या पार्किंगचे दर वाढवले आणि मेट्रो, ट्रॅम वाढवत नेल्या, गाड्या वारंवार येतात, ट्रॅमची पायरी खाली आणली. बस अर्ध्या तासाने येत असेल तर फुकट दिली तरी तिशीतली आई त्यात चढणार नाही, आणि तिने का चढावं.

ही पोरं आज, या घडीला, गाडीशिवाय राहायला तयार आहेत, काही मनाने, काही नाइलाजाने. त्यांच्यातल्या बहुतेकांना पाच-सात वर्षांत मूल होईल किंवा आईवडील थकतील. तोपर्यंतच वेळ आहे. तेवढ्या काळात दुपारची बस वेळेवर यायला लागली, तिची पायरी फुटपाथच्या उंचीला आली, रात्रीची शेवटची गाडी पाळी सुटायच्या नंतर निघायला लागली तर यातले कितीतरी जण गाडी घेणारच नाहीत किंवा दोनच्या जागी एक घेतील. नाही झालं तर सगळे एकदम शोरूममध्ये जातील आणि मग रस्ते रुंद करा म्हणून आपणच ओरडू.

आपल्या वृत्तपत्राला एक विनंती आहे. दर महिन्याला किती गाड्या विकल्या गेल्या याची बातमी आपण छापता, ती छापाच. तिच्या शेजारी शहरात त्या महिन्यात बसच्या किती फेऱ्या ठरल्या होत्या आणि प्रत्यक्षात किती झाल्या, किती बसमध्ये बाबागाडी आणि व्हीलचेअर चढते, आणि रात्री शेवटची बस किती वाजता सुटते हेही वाहतूक खात्याला विचारून छापत जा. निदान सहा महिने सलग छापा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी आणि नियमित वाचक